धाकटीला कोणी रागवत नाही

अकरा वर्षं घरात एकुलती एक होती, तोवर तिला थोरली म्हणायचं कारणच नव्हतं. मग एका संध्याकाळी धाकटी आली आणि तिला बसल्या जागी बढती मिळाली. बढतीबरोबर जे काही मिळतं म्हणतात, ते मात्र तिच्या वाट्याला काहीच आलं नाही.

धाकटी दत्तक नव्हती. तिच्या घरच्यांना तिला सांभाळणं झेपत नव्हतं. अशा मुलांसाठी घरं शोधणाऱ्या सरकारी ऑफिसाने तिला आधी दुसऱ्या एका कुटुंबात ठेवलं होतं, तिथे जमलं नाही, म्हणून ती इथे आली. सात वर्षांची, काडीसारखी, आणि विचारल्याशिवाय एक शब्द न बोलणारी. काही महिने बघायचं आणि सगळ्यांना मानवलं तर तिने इथेच राहायचं, असं ठरलं होतं.

ते मानवावं म्हणून घराने कंबर कसली होती. बाबा बस चालवायचे. दिवसभर रस्त्यावर खेकसून आलेला हा माणूस धाकटीशी बोलताना असा मऊ आवाज काढायचा की थोरलीला हसू आवरायचं नाही. आईची तर तऱ्हाच बदलली. आई बाहेरच्या खोलीत शिवणकाम करायची, आणि तिच्या तोंडाचा पट्टा मशीनपेक्षा जोरात चालतो हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. पण धाकटीने दूध सांडलं, तर ‘असू दे हं बाळा’. धाकटीने थोरलीच्या चित्रावर रंगाचं पाणी ओतलं, तर ‘लहान आहे ती’. आणि मग थोरलीकडे वळून, ‘तू समजूतदार आहेस ना?’

या शब्दाचा थोरलीला वीट आला होता. समजूतदार म्हणजे खोली अर्धी द्यायची, आईशेजारची खुर्ची सोडायची आणि वर हसायचं. ती हसत होती. हसून हसून तिचे गाल दुखायला लागले होते.

त्या दिवशी सकाळी मात्र कहर झाला. आईची कापडाची मोठी कात्री म्हणजे घरातलं देवासारखं प्रकरण. त्या कात्रीने फक्त कापड कापायचं. कागद कापला की धार जाते. थोरलीने एकदा ती घेऊन पुठ्ठ्याचा मुकुट कापला होता, तेव्हा आईने जे घर डोक्यावर घेतलं ते शेजारपाजारचे अजून आठवून हसतात. आणि आता धाकटी कापायच्या टेबलाखाली बसून त्याच कात्रीने एक जाडजूड खोकं कराकरा कापत होती. कापता कापता आईच्या तोंडाकडे बघत होती.

आईचा चेहरा लालबुंद झाला. तोंड उघडलं. मिटलं.

“असू दे, बाळा,” आई म्हणाली. “छान कापलंस हं.”

छान! थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याच दुपारी ऑफिसातल्या बाई आल्या. त्या नेहमी यायच्या, आईबाबांशी बोलायच्या, धाकटीला जवळ घेऊन गप्पा मारायच्या, आणि थोरलीने चहा आणला की तिला ‘शहाणी गं बाई’ म्हणायच्या. आज धाकटीचं काय ते पक्कं करायचं होतं. पण त्यांनी चहा नंतर घेते म्हटलं आणि थोरलीला घेऊन मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या.

“इतक्या वेळा आले, पण तुला कधी काही विचारलंच नाही मी,” बाई म्हणाल्या. “चुकलंच माझं. तुझं कसं चाललंय?”

थोरलीने ‘छान’ म्हणायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं भलतंच.

“तिला पाठवून द्या.”

बाई दचकल्या नाहीत. “का गं?”

“तिला कोणी रागवत नाही. आणि तिच्यादेखत मलाही नाही. आई आधी रागवायची, मग पाच मिनिटांनी जवळ घ्यायची. आता घरात कोणीतरी गोडबोली बाई राहते. मला माझी आई पाहिजे.” एवढं बोलून तिला रडू फुटलं, आणि बाईंनी ते फुटू दिलं.

“हे आईला सांगशील?” थोड्या वेळाने त्यांनी विचारलं. “मी शेजारी बसते.”

“आई रडेल.”

“रडू दे की. तू नाही का रडलीस?”

थोरलीने सांगितलं. पाठवून द्यायचं तेवढं गिळलं, बाकी सगळं सांगितलं. आई मशीनवर बसल्या बसल्या ऐकत राहिली.

“अहो, पण ती यायच्या आधी तुमच्याच ऑफिसातल्या वर्गात सांगितलं होतं ना,” ती बाईंना म्हणाली, “मूल आधीच धास्तावलेलं असतं, आवाज चढवू नका?”

“सांगितलं होतं. पण मुलीला पाहुणीसारखं ठेवा असं नव्हतं सांगितलं. आणि घरात आधीपासून असलेल्या मुलीचं काय करायचं, ते तर आम्ही सांगितलंच नाही. ते राहूनच गेलं.”

आईने थोरलीकडे पाहिलं. “मला वाटलं, तुला सगळं कळतंय.”

“कळतंय,” थोरली म्हणाली. “पण आवडत नाहीये.”

तेवढ्यात टेबलाखालून आवाज आला. “मला कधी पाठवणार?”

धाकटी तिथेच आहे, हे तिघींच्याही ध्यानात नव्हतं. आई खाली वाकली. “कोण म्हणालं तुला पाठवणार म्हणून?”

“त्या घरी पण आधी ओरडायचे,” धाकटी फरशीकडे बघत म्हणाली. “मग ओरडायचे थांबले. सगळे छान छान बोलायला लागले. मग बाई आल्या.”

बाईंनी नजर वळवली. थोरलीला मात्र एकदम सकाळचं आठवलं, ते आईच्या तोंडाकडे बघत बघत कापणं.

“कात्री तू मुद्दाम घेतलीस?”

धाकटीने मान डोलावली. “तूच म्हणालीस ना ताई, कात्रीला हात लावला की काकू खूप ओरडतात.”

आता काय करायचं ते थोरलीला लख्ख कळलं. तिलाही गेले काही महिने नेमकं तेच तर हवं होतं.

“आई, रागव तिला.”

“आता?”

“आत्ताच्या आत्ता.”

आईने घसा खाकरला. “बाळा, कात्री अशी घेऊ नये हं…”

“असं नाही! मला रागवतेस तसं!”

आईने कात्री उचलली. धारेवरून अंगठा फिरवला, आणि तो अडखळला मात्र, तिचा बांध फुटला. “अगं कार्टे, धारेचं पार वाटोळं केलंस! कापडाची कात्री आहे ही! उद्या लोकांचे कोट काय दातांनी कापू? पुन्हा हात तर लावून बघ! आणि तू गं घोडे, तू उभी राहून बघत होतीस? तुझं तोंड काय शिवलं होतं मी?”

घोडी! थोरलीला इतकं बरं वाटलं की विचारू नका.

धाकटीने भोकाड पसरलं. या घरात ती मोठ्याने रडल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. ती टेबलाखालून निघाली ती थेट थोरलीच्या पाठीमागे जाऊन दडली आणि तिने तिचा फ्रॉक दोन्ही मुठींत धरला.

“ताई, काकू नेहमी अशाच ओरडतात?”

“नेहमी,” थोरली अभिमानाने म्हणाली. “आज तर काहीच नाही.”

आईला हसू आणि रडू एकदमच आलं. तिने दोघींना ओढून जवळ घेतलं. थोरलीला मात्र जरा जास्तच घट्ट धरलं, आणि कानाशी लागून म्हणाली, “चुकले गं बाई मी.” थोरली आईच्या खांद्यावर नाक पुसून मोकळी झाली.

बाई जायला उठल्या. दाराशी थांबून त्यांनी थोरलीला हळूच विचारलं, “मघाशी पायऱ्यांवर जे म्हणालीस, ते ऑफिसात सांगायचं का?”

पाठीमागून फ्रॉक धरलेल्या धाकटीच्या मुठी आणखी घट्ट झाल्या.

“नको,” थोरली म्हणाली. “आत्ता कुठे हिला रागवायला सुरुवात झालीय. अशी अर्ध्यात कशी पाठवायची?”