शर्यत झाल्यावर खायचे बन

विदार वेलदोड्याचे बन भाजायचा आणि मागच्या लाकडांच्या शेडमध्ये उभा राहून खायचा. घरात खाल्ले असते तरी त्याची बायको ईल्वा काही बोलली नसती. पण त्याचा हात बशीतून तोंडाकडे निघाला की तिची नजर त्या हाताबरोबर निघायची, आणि असं कुणी बघत असताना घास गिळणं विदारच्या जिवावर यायचं. मग भाजतोसच कशाला मेल्या, असं ईल्वाच्या आईने त्याला फोनवर विचारलंही होतं. त्यावर त्याचं म्हणणं असं, की तान्ह्या टीराला पोटाशी बांधून कणीक मळली की ती दोन तास झोपते, आणि मळलेल्या कणकेचं काहीतरी करायलाच हवं. पोरीसाठी रजा घेऊन घरी बसलेला माणूस, खोटं काही बोलत नव्हता. बन त्याला आवडायचे, एवढंच सांगायचं राहून जायचं.

यात झालं असं, की टीराच्या डोक्याला वेलदोड्याचा वास यायला लागला. ईल्वा सकाळी तबेल्यातलं काम आटोपून घरी यायची, बूटही न काढता खुर्चीत बसायची आणि पोरीला पाजायला घ्यायची. त्या मऊ जावळात नाक खुपसलं की तिच्या तोंडाला पाणी सुटायचं. पोटच्या पोरीचा वास घेऊन तोंडाला पाणी सुटावं याची तिला लाज वाटायची, आणि हसूही यायचं.

प्रत्येक घाण्यातला एक बन विदार तिच्यासाठी फ्रीझरमध्ये टाकायचा. पिशवीवर त्याने लिहिलं होतं, ‘शर्यत झाल्यावर’. पिशवी फुगत चालली होती.

ईल्वा जॉकी होती. स्वीडनमध्ये बाईने घोडा पळवण्याचं कुणाला अप्रूप नाही, निम्म्या जॉकी बायकाच असतात. पण बाळंतीण जॉकीकडे मात्र लोक वळून बघतात. तेही ती परत येते म्हणाली तर. ईल्वाला परत यायचं होतं ते एकाच घोडीसाठी. स्वालाला पहिल्यांदा खोगीर चढवलं ते ईल्वाने, पहिल्या शर्यतीत ती धावली ती ईल्वाला पाठीवर घेऊन, आणि पुढच्या सात शर्यतींत दोघी दुसऱ्या आल्या, तिसऱ्या आल्या, एकदा तर नाकभर अंतराने हरल्या. मग ईल्वाला दिवस गेले, आणि तिच्या जागी हेनिंग बसला. स्वाला त्याच्याबरोबर दोनदा जिंकली. ईल्वाने ते दोन्ही वेळा टीव्हीवर बघितलं, पोटावर बशी ठेवून, आणि दोन्ही वेळा रडली. विदारला वाटलं, आनंदाने.

आता या ऑक्टोबरात स्वालाची शेवटची शर्यत होती. त्यानंतर ती दक्षिणेकडे पैदाशीच्या कुरणावर जाणार होती, कायमची. घोडीला तयार करणारी गुनवोर सत्तरीला आलेली, बोलायला फटकळ. ती म्हणाली, “तूच बसावंस असं मलाही वाटतं, पोरी. पण खोगिरासकट छप्पन्न किलो. त्याच्यावर एक चमचा भरलीस तर हेनिंग बसेल. मग माझ्या दारात रडायला यायचं नाही.”

एरवी ईल्वाने हे हसत केलं असतं. वजन उतरवण्याच्या वाटा जॉकींना चालता येण्याआधी कळतात. सौनाच्या तापलेल्या खोलीत घाम गाळत बसायचं, रबरी कपडे घालून पळायचं, दोन दिवस पाणी तोडायचं. पण बाळांच्या दवाखान्यातल्या नर्सने या सगळ्यावर काट मारली. “घाम काढून वजन उतरवलंस तर दूधही उतरेल,” ती म्हणाली. “आठवड्याला अर्धा किलो, त्याहून जास्त नाही. पाणी भरपूर पी. लापशी खा, डाळी खा, अंडी खा. थोडी भूक लागेल, ती लागू दे.”

“थोडी?” ईल्वाने विचारलं.

“बरं, बरीच,” नर्स म्हणाली. “पण उपाशी राहू नकोस हं. तुला लपवता येईल, हिला नाही येणार.”

भूक ईल्वाला नवी नव्हती. सोळाव्या वर्षापासून ती तिच्याबरोबर राहत आली होती, कोपऱ्यात गप्प पडून राहायला शिकवलेल्या कुत्र्यासारखी. पण ही भूक वेगळीच निघाली. हिला कुणी काही शिकवलं नव्हतं. टीरा प्यायला लागली, की तिच्या प्रत्येक घोटाबरोबर ईल्वाचं पोट असं ओढलं जायचं की हातातली पोर सोडून चुलीपाशी धावावंसं वाटावं. सकाळी ती सफरचंद किसून घातलेली घट्ट लापशी खायची, दुपारी सालासकट उकडलेले बटाटे आणि दही, आणि टीरासाठी आणून ठेवलेल्या एवढ्याशा चमच्याने खायची, म्हणजे जेवण जरा लांबतं.

“लाळेरं पण बांधू का?” विदार विचारायचा.

“बांध. आणि शेडमधून आलास की मिशा पुसत जा.”

खिशात गाजरं असायची, निम्मी तिची, निम्मी स्वालाची. एका सकाळी मात्र गाजरं संपली आणि तिने स्वालाच्या बादलीतले मूठभर ओट तोंडात टाकले. नेमकी गुनवोर मागे उभी.

“तिला विचारून घेतलेस का?” गुनवोर म्हणाली.

ईल्वाला बोलता येईना, तोंड भरलेलं होतं. स्वालाने मान वळवून तिच्या खांद्यावर ओलं नाक टेकलं. म्हणजे तिची काही हरकत नव्हती.

कधी कधी ईल्वाला वाटायचं, की आपल्याला बन नकोच आहेत. आपल्याला नुसतं टेबलाशी बसून, काही न मोजता, कुणाशी तरी बोलत बोलत जेवायचंय. मग जावळाचा वास यायचा आणि कळायचं, की बनही हवेत. आणि त्याहून जास्त हवी होती ती शेवटच्या वळणानंतरची मोकळी हिरवळ, पुढे एकही घोडा नसलेली. स्वालाच्या दोन कानांमधून तिला ती एकदा बघायची होती.

शर्यतीच्या दिवशी तळ्यावरून गार वारा सुटला होता. गावाकडचं मैदान ते, लोक घोंगड्या पांघरून, कॉफीचे थर्मास घेऊन आले होते. विदारने बाबागाडीच्या खालच्या जाळीत पत्र्याचा मोठा डबा ठेवला होता. त्यात फ्रीझरमधले सगळे बन होते, आदल्या दिवशी बाहेर काढून मऊ केलेले. ईल्वाने डब्याकडे बघितलं आणि मान फिरवली.

वजन करायच्या आधी टीराला पोटभर पाजायचं असं ठरलं होतं. तेवढंच हलकं. “सगळ्याच जॉकींना एकेक टीरा हवी,” गुनवोर म्हणाली. पाणी मात्र ईल्वाने त्या सकाळपासून घेतलं नव्हतं. फक्त आजचा दिवस, असं तिने स्वतःला सांगितलं, नर्सला नाही. खोगीर कवेत घेऊन ती काट्यावर चढली. काट्यावरचा सिक्स्टन, वाळक्या अंगाचा आणि वाळक्या बोलण्याचा माणूस, काट्याकडे बघत राहिला.

“छप्पन्न,” तो म्हणाला. “बरोबर.”

ईल्वाचे डोळे भरून आले. गुनवोर खोगीर घेऊन घोडीकडे गेली.

आणि मग सगळं थांबलं. आधीच्या शर्यतीत एक पोरगी पडून तिच्या खांद्याचं हाड मोडलं होतं, अँब्युलन्स तिला घेऊन शहरात गेली होती, आणि मैदानावर अँब्युलन्स नसेल तर घोडे सोडत नाहीत. ती परत येईपर्यंत सगळ्यांनी बसून राहायचं. जॉकी बाकावर बसून हातावर फुंकर मारत होते. हेनिंग आज करड्या घोड्यावर होता, तो तिला तळ्यातल्या माशांबद्दल काहीतरी सांगत होता. तेवढ्यात कठड्यापलीकडून टीराचं रडणं आलं.

विदार बाटली घेऊन झगडत होता. बाटलीबद्दल टीराचं मत पहिल्या दिवसापासून ठाम होतं. रडणं ऐकताच ईल्वाच्या छातीत कळ आली आणि तिच्या अंगातल्या, गुनवोरच्या तबेल्याच्या पिवळ्या सदऱ्यावर दोन ओले डाग उमटले. हेनिंग आकाशाकडे बघायला लागला.

ती उठली, घोड्यांच्या ट्रकच्या आडोशाला गेली, गवताच्या पेंढीवर बसली आणि पोरीला घेतलं. घाई कशाचीच नव्हती. टीरा एका बाजूला प्यायली, मग दुसऱ्या, मग जरा थांबून, आईकडे बघून, पुन्हा पहिल्या बाजूला. वेलदोड्याचा वास येत होता. आणखी थोडं हलकं झालं तर बरंच, स्वालाला तेवढाच भार कमी, असं ईल्वाच्या मनात आलं. हलकं ते चांगलं, हेच ती सोळाव्या वर्षापासून शिकली होती, त्याच्या पलीकडे तिचं डोकं गेलंच नाही.

अँब्युलन्स आली. घोडे फाटकात गेले.

शर्यतीचं काय सांगायचं, ती दोन मिनिटांत संपली. वळणावर पाच घोडे पुढे होते. मग आतल्या कठड्याशी एक फट दिसली, आणि ईल्वाने काही सांगायच्या आत स्वाला तिच्यात शिरली होती. बाहेर पडली तेव्हा पुढे कुणी नव्हतं. दोन काळे कान, मध्ये हिरवळ, तिच्यावर पिवळी पानं उडत होती. ईल्वाला वाटलं, हे संपू नये. भूक नव्हती, तहान नव्हती, सदऱ्यावरचे डाग वाऱ्याने गार पडले होते. मागून टापा ऐकू येत होत्या पण जवळ येत नव्हत्या. शर्यत संपल्याचा खांब मागे गेला तरी तिने लगाम ओढला नाही, स्वाला आपणहून हळू झाली.

गुनवोरने हसू दिसू नये म्हणून घोडीच्या झुलीत तोंड पुसलं. ईल्वाने खोगीर काढलं, स्वालाच्या घामेजल्या मानेला कपाळ टेकलं आणि काट्यावर गेली.

सिक्स्टनने काट्याकडे बघितलं. “उतर. परत चढ.”

ती उतरली, परत चढली.

“कमी भरतंय,” तो म्हणाला. धावल्यावर घाम जातो म्हणून अर्ध्या किलोची सूट असते. त्याहून जास्त घट झाली तर खोगिरात भर म्हणून घातलेली शिशाची वजनं वाटेत कुणी टाकून दिली असं धरतात. “शिसं कुठे पडलं?”

“शिसं नव्हतंच. मला लागलंच नाही.”

“मग गेलं कुठे?”

दार उघडं होतं. बाहेर बाबागाडीत टीरा तोंड उघडं टाकून झोपली होती, हनुवटीवर दुधाचा ओघळ सुकलेला. ईल्वा तिच्याकडे बघत राहिली आणि तिला सगळं समजलं.

“मी पाजलं तिला,” ती म्हणाली. “आपण थांबलो होतो तेव्हा.”

तिच्या मागे हेनिंग खोगीर घेऊन उभा होता. तो दुसरा आला होता, म्हणजे आता पहिला. तो बुटांकडे बघत होता.

“पाजल्यावर परत वजन करायचंस,” सिक्स्टन म्हणाला. “खोगिराखाली शिशाची एक पट्टी घातली असती. काही बिघडलं नसतं.”

विदारने दारातून आत डोकं घातलं. “मग हिलाही घे की काट्यावर. जे कमी पडतंय ते हिच्या पोटात आहे.”

“जॉकी, खोगीर, शिसं,” सिक्स्टन म्हणाला. “नियमात मूल नाही.” त्याने चष्मा काढून पुसला. “असतं तर घेतलं असतं.”

मैदानावर भोंग्यातून हेनिंगचं नाव पुकारलं गेलं. स्वालाचं नाव शेवटी आलं, बाद म्हणून.

“मी मागे होतो,” हेनिंग ईल्वाला म्हणाला. “कोण जिंकलं ते मी बघितलंय.” एवढं बोलून तो गेला. ते बोलणं खरं होतं, पण ते कुठेच नोंदलं जाणार नव्हतं. स्वाला पुन्हा धावणार नव्हती.

गुनवोर बाहेर उभी होती. ईल्वाने शिव्या खायची तयारी ठेवली होती. “चाळीस वर्षं जॉकींच्या कानीकपाळी ओरडतेय, वजन उतरवा, वजन उतरवा,” गुनवोर म्हणाली. मग हात झटकून म्हणाली, “खाऊन घे, पोरी. तोंड बघ कसं झालंय तुझं.”

ट्रकची फळी पाडलेली होती. घोडीला दक्षिणेकडे नेणारा माणूस अँब्युलन्सपायी आधीच खोळंबला होता. ईल्वाला स्वालाला स्वतः ट्रकमध्ये चढवायचं होतं, तेवढं तरी. पण टीरा जागी झाली होती आणि भोकाड पसरून बसली होती. ईल्वा पुन्हा त्याच पेंढीवर बसली. विदारने डबा उघडून तिच्या शेजारी ठेवला.

पहिला घास घेतल्यावर आपण रडू, असं तिला इतके महिने वाटत आलं होतं. रडू आलं नाही. तिने अर्धा बन दोन घासांत खाल्ला. चुरा टीराच्या टोपीवर पडत होता.

गुनवोर स्वालाला घेऊन आली ती मुद्दाम वळसा घालून. घोडीने मान खाली घातली, टोपीवरचा चुरा हुंगला, मग ईल्वाच्या हातातला उरलेला अर्धा बन अलगद उचलला. ईल्वाने तिच्या नाकावर हात ठेवला. हात उष्ण श्वासाने ओला झाला.

“चल गं,” गुनवोर घोडीला म्हणाली.

फळी वर गेली. ट्रक सुरू झाला, आणि आतून स्वाला खिंकाळली, रोज सकाळी तबेल्याच्या दारात ईल्वाची पावलं ऐकून खिंकाळायची तशी. ईल्वाचं सगळं अंग उठायला निघालं. पूर्वी ती ट्रकमागे तळ्याच्या वळणापर्यंत धावली असती. टीराने तिचा सदरा मुठीत धरला होता आणि डोळे मिटून ती पीत होती.

“स्वाला,” ईल्वाने बसल्या जागेवरून हाक मारली.

टीरा दचकली. पिणं थांबवून तिने आईच्या तोंडाकडे बघितलं. मग पुन्हा तोंड लावलं. ट्रक झाडांमागे गेला. ईल्वाने डब्यात हात घातला आणि आणखी एक बन घेतला, कारण तिला अजून भूक होती.