धोंडिराम ठोंबरेचे चाळीस फोटो

मी ज्याचा फोटो काढतो त्याचा एक केस माझ्या तोंडात येतो. बटण दाबलं की जिभेखाली वळवळतो. इचलकरंजीच्या रात्री टिपत मी सहा वर्षं फिरतोय. यंत्रमागवाल्याच्या केसाला सुताची कणी चिकटलेली असते, भुर्जीवाल्याचा तेलकट लागतो, ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या बाईचा स्प्रेने कडक झालेला असतो. मी तो बोटाने ओढून काढतो, डबीत ठेवतो, डबीवर नाव लिहितो. शिसारी येते. भाताचा घासही आधी जिभेने चाचपून गिळतो. पण फोटो काढणं सुटत नाही. प्रदर्शनं लागतात, लोक वाहवा करतात.

गुरुवारी दुपारी शालन ठोंबरे प्रदर्शनात आली. तिचा नवरा धोंडिराम नुकताच वारला होता. उद्या तेरावं, आणि हार घालायला घरात त्याचा एकही फोटो नव्हता. माझ्याकडे चाळीस होते. चाळीसही फोटोंत तो देशी दारूच्या दुकानाबाहेर गटारात आडवा, ओठांवर ओकारी सुकलेली. त्यातला सर्वांत मोठा दारासमोरच टांगला होता.

"ह्यात बसल्यालं एकबी न्हाई व्हय, दादा?"

"नाही," मी म्हणालो.

खरं तर तो रोज संध्याकाळी चौकात बसलेला असायचा. मला हाक मारून चहा पाजायचा. तेव्हा मी कॅमेरा पिशवीतून काढत नसे. नुसत्या बसलेल्या माणसात टिपण्यासारखं काय असतं?

शालनने दारासमोरची ती मोठी फ्रेम खिळ्यावरून उतरवली, फिरवली आणि उभी टांगली. धोंडिराम उभा राहिला. गटाराचं पाणी मात्र फ्रेमच्या खालच्या कडेने गळायला लागलं, फरशीवर, तिच्या पायांवर. ती हलली नाही. मी नाकाला रुमाल लावला. ते तिने बघितलं.

मला स्वतःचीच लाज वाटली. मी तिला त्याच्या केसांची डबी देऊ केली. तिने ती पदराच्या गाठीत बांधली आणि टेबलावरचा माझा कॅमेरा उचलला.

"आता तुमी पडा."

"कुठे?"

"त्या पाण्यात. मालक पडल्यालं तसं."

मी पडलो. दुसरं काय करणार होतो? पाणी गालाला कोमट लागलं. तिने बटण दाबलं.

लगेच तिचं तोंड वाकडं झालं. तिने दोन बोटं आत घातली आणि माझा केस ओढला. तो येत राहिला, संपेना. ती ओढत राहिली, आणि माझं डोकं फरशीवरून तिच्याकडे सरकू लागलं.