गाडीला झेपेल तेवढं

"छतावरचे चारही फोकस काढ," उकंडा मिस्त्री म्हणाला.

"बटण बंदच आहे ना काका त्यायचं," लखन म्हणाला.

"बटणावर माहा भरोसा नाही. तुह्या गाडीत कोणती वायर कोणाच्या घरात घुसली, तुले तरी मालूम आहे का? काढ."

लखनची जीप उकंडाच्या अंगणात, अगदी ओसरीला टेकून उभी होती. ओसरीच्या आतल्या खोलीत, काचेच्या झाकणाच्या थंड पेटीत पंचफुला होती. उकंडाची बायको. काल दुपारी छातीत दुखतं म्हणाली आणि दारव्ह्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपली. मे महिना. मयत घरात ठेवायचे हे दिवस नव्हेत. पण एकुलती एक लेक शीला पुण्याला होती, आणि ती तोंड पाहिल्याशिवाय आईला उचलायचं नाही, असं उकंडानं सांगून टाकलं होतं. दारव्ह्याहून भाड्याची पेटी आणली, ती रात्रभर विजेवर चालली. पहाटे वादळ आलं आणि गावाबाहेरचे खांब आडवे झाले. लाइनमन म्हणाला, संध्याकाळपर्यंत काही खरं नाही. गावातल्या मांडववाल्याचं जनरेटर दिग्रसला लग्नात गेलं होतं.

आता पेटी चालवायची तर गाडीच्या इंजिनावर. आणि गाडीवर काय चालतं, किती चालतं, हे कळणारा गावात एकच माणूस होता. त्याचीच बायको पेटीत होती.

दारव्हा रोडवर उकंडाचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. पोरं यायची. कोणाला छतावर फोकस हवे, कोणाला बंपरखाली निळ्या पट्ट्या, कोणाला मागच्या सीटखाली ढोलाएवढे स्पीकर. उकंडा आधी बॉनेट उघडायचा आणि डायनामो पाहायचा. "गाडी कमावते किती अन् तू खर्चणार किती, याचा मेळ लाव आधी," म्हणायचा. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे माणसांनाच पटत नाही, तिथं गाडीवाल्यांना कुठून पटणार? गिऱ्हाईक तोंड वाकडं करून पुढच्या दुकानात जाई. "लोक आपल्या पायानं येते अन् तुमी हाकलून लावता," पंचफुला म्हणायची. "दुकान कायले पायजे तुमाले? पोलीस चौकी उघडा." तेच गिऱ्हाईक जळक्या वायरी घेऊन परत आलं की उकंडा त्याला टोमणा मारत नसे. तो टोमणा जपून घरी आणी, जेवताना पंचफुलासमोर मारी, आणि दोघं हसत.

धाकटा भाऊ भीमराज आपली नवी कार द्यायला तयार होता. उकंडानं नको म्हटलं. त्या गाडीचा रेडिएटरचा पंखाच विजेवर फिरतो. गाडी एका जागी उभी राहिली की अर्धी वीज तोच खाणार. लखनच्या जुन्या जीपचा पंखा पट्ट्यावर होता, इंजिन फिरलं की आपोआप फिरायचा. नडत होती ती फक्त लखनची हौस. लग्नाच्या वरातींसाठी त्यानं गाडीला नवरीसारखं नटवलं होतं. फोकस निघाले. पट्ट्या निघाल्या. स्पीकरच्या मशीनची तार उकंडानं स्वतः तोडली, तेव्हा लखननं मान दुसरीकडे वळवली.

दुकानातला इन्व्हर्टर आला. जाड केबल बॅटरीपासून ओसरीतून आत गेली. अ‍ॅक्सिलेटरवर वीट ठेवली. मग पेटीचं मशीन सुरू झालं, आणि त्या क्षणी जीपचं इंजिन थोडं दबलं, ओझं डोक्यावर घेताना माणूस दबतो तसं, आणि पुन्हा सावरलं. उकंडानं मान हलवली.

"झालं ना आता?" भीमराज म्हणाला. "चाल आत. वहिनीपाशी बस जरासा. लोक काय म्हणतीन?"

"लोकायले बसू दे. मी इथं आहो."

तो बॉनेटपाशी स्टूल टाकून बसला. माणसं येत होती, हात जोडत होती. तो मान हलवायचा, पण कान इंजिनाकडे. दर थोड्या वेळानं पेटीचं मशीन थांबे, पुन्हा सुरू होई, आणि सुरू होताना इंजिन दबे. तेवढं दबलेलं ऐकू आलं की त्याचा जीव भांड्यात पडे. विहारातल्या मंडळींनी वंदना स्पीकरवर लावायचं म्हटलं. उकंडा म्हणाला, "तोंडानंच म्हणा. ते गाडीले झेपत नाही." म्हाताऱ्यांनी तोंडानं म्हटली. इंजिनाच्या आवाजात ती त्याच्यापर्यंत पोचली नाही.

शीलाची बस कारंजा सोडून निघाली, असा फोन आला. भीमराजचा पोरगा संघदीप तिला आणायला मोटरसायकल घेऊन दारव्ह्याला गेला. ऊन असं की अंगणात पाय ठेववत नव्हता. भीमराजनं आग्रहानं चहाचा कप उकंडाच्या हाती दिला, आणि दोन घोट घेतल्यावर उकंडाच्या ध्यानात आलं की इंजिन बराच वेळ दबलं नाही. छान, एकसुरी चाललं होतं. बाहेरच्या कोणालाही वाटलं असतं, गाडी झकास चालू आहे.

तो कप तसाच ठेवून आत धावला. पेटीवरचा दिवा विझला होता. इन्व्हर्टर बंद पडला होता. त्याच्यामागच्या बोर्डात एक टेबलफॅन लावलेला, आणि उरलेल्या जागेत पाहुण्यांचे मोबाइल. पहाटेपासून वीज नाही, बहुतेकांचे फोन मेले होते, कोणाला तरी सुचलं, आणि एकाचं पाहून दुसऱ्यानं लावला. फॅन भीमराजनंच लावला होता, पंचफुलाची थोरली बहीण कांताबाई उकाड्यानं घाबरीघुबरी झाली म्हणून. कोणाचंच मन वाईट नव्हतं. उकंडाला कोणावर रागावताही येईना.

"आक्का," तो कांताबाईला म्हणाला, "हा फॅन..."

कांताबाईनं पेटीकडे पाहिलं आणि तिला समजलं. तिनंच उठून पिन उपसली. "मले सांगायचं तं होतं भाऊजी," ती म्हणाली. "माह्या बहिणीपरीस मले हवा जास्त झाली का?" आणि पदरानं वारा घेत भिंतीशी बसली. बाकीच्यांनी आपापले फोन गुपचूप उचलले.

उकंडानं इन्व्हर्टर पुन्हा सुरू केला. पण थंडाव्याचं मशीन बंद पडलं की लगेच उचलत नाही, त्याला जरा दम खाऊ द्यावा लागतो. तेवढा वेळ आता करण्यासारखं काही नव्हतं. पिळायला वायर नव्हती, घट्ट करायला नट नव्हता. तो पेटीपाशी उभा होता, आणि कालपासून पहिल्यांदा त्यानं पंचफुलाकडे पाहिलं.

काचेवर बाहेरून पाण्याचे थेंब धरले होते. त्यांच्यामागं तिचा चेहरा. कपाळावरची ती बारीक खोक, सरपण फोडताना लागलेली. ओठ जरासे उघडे, काही बोलायचं राहून गेल्यासारखे. त्याला वाटलं, आता हे मशीन उचललं नाही तर शीला येईल आणि मी तिला काय दाखवू? आणि लगेच दुसरं वाटलं, शीलाला दाखवून झालं की मग हिला न्यायचं. मशीन चालावं अशी त्याची मनापासून इच्छा होती, आणि शीलाची बस कुठंतरी थोडी आणखी रखडावी अशीही. आपल्याला असं वाटतंय याची त्याला लाज वाटली.

बाहेर इंजिन दबलं.

"चालू झालं काका," दारातून लखन म्हणाला. उकंडानं काचेवरून बाही फिरवली आणि पुन्हा स्टुलावर जाऊन बसला.

उन्हं कलली तेव्हा संघदीपची मोटरसायकल अंगणात शिरली. शीला उतरली. बापाकडे पाहिलं, त्यानं मानेनंच आत जा म्हटलं. भीमराज आणि लखननं पेटीचं झाकण उचललं. शीलानं आईच्या गालाला गाल लावला आणि तशीच वाकून राहिली. पुष्कळ वेळ. तिचं तोंड हलताना उकंडाला दारातून दिसत होतं, शब्द ऐकू येत नव्हते. मग भीमराजनं दारात येऊन हातानं खूण केली, बंद कर.

उकंडानं वीट काढली आणि किल्ली फिरवली.

गाडी थांबली तसं त्याला घर ऐकू आलं. सकाळपासून त्याचं घर रडत होतं, बायका पंचफुलाच्या एकेका गुणाचं नाव घेऊन रडत होत्या, आणि त्याच्या कानात फक्त इंजिन होतं. तो गाडीला धरून उभा राहिला. मग दाराशी आला आणि आपल्या हातांकडे पाहून तिथंच थांबला.

शीला बाहेर आली. "बाबा, आई किती गार झाली," म्हणाली, आणि मग, "तशीच आहे. मागच्या खेपेले मी गेलती तवा फाटकात उभी होती, तशीच आहे." तिनं बादलीतून तांब्या भरला. उकंडानं हात पुढं केले. साबणाचा चुरा लावून त्यानं घासले, पुन्हा घासले. भेगांतलं काळं निघेना. तो घासतच राहिला.

"राहू द्या बाबा," शीला म्हणाली. "तिनं हेच हात पाह्यले."

तो आत गेला, खाली बसला. पंचफुलाच्या कपाळावर हात ठेवला. नंतर तिच्या खांद्यावरचं पांढरं कापड सरकलं होतं ते नीट केलं. कापडावर अंगठ्याचा काळा डाग उमटला. कांताबाईनं पुसायला पदर पुढं केला आणि तसाच मागं घेतला. थोड्या वेळानं माणसं उठली, पंचफुलाला उचललं, आणि त्या डागासकट बाहेर नेलं.