पुट्टीखालचा तडा

लाकूडवाल्याने ट्रेलर मागे घेत वर्कशॉपच्या दारात आणून लावला, हुक सोडवला आणि कमरेवर हात ठेवून तसाच थांबला. एकदा वाकलं की त्याला लगेच सरळ होता येत नसे. पंचवीस वर्षं ओंडके खांद्यावर वाहून पाठीची पार वाट लागली होती आणि डॉक्टरने आता हात टेकले होते. म्हणून त्याने एक जुना पंजा विकत घेतला होता. पंजा म्हणजे कोपरात वाकणारा जाडजूड लोखंडी हात आणि त्याच्या टोकाला दोन जबडे. तेलाच्या दाबाने हात वर-खाली होतो, जबडे ओंडका पकडतात आणि उचलून ट्रेलरमध्ये ठेवतात. तो ट्रेलरच्या पुढच्या टोकाला बसवून हवा होता.

"तुमच्या दादांकडूनच घेतलाय," लाकूडवाला म्हणाला. "म्हटलं, माल भावाचा, जोडणी बहिणीची. घरातल्या घरात काम."

वेल्डरिणीने ट्रेलरखाली वाकून सांगाडा पाहिला. सगळी गल्ली तिला वेल्डरीणच म्हणायची, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. भावाचं नाव निघालं की मात्र तिच्या जिभेला कडू चव यायची. दादा जुनी यंत्रं घेऊन विकायचा. बोलणं असं गोड, की ऐकून झाल्यावर हात धुवावेसे वाटावेत. ती शेहेचाळीस वर्षांची झाली तरी तो तिला चारचौघांत 'बाळ' म्हणायचा, दातांत अडकलेलं काहीतरी जिभेने चोखत.

पंजा दिसायला झकास होता. हिरवागार, नव्यासारखा चकचकीत.

पहिला दिवस ट्रेलरमध्येच गेला. एवढं वजन नुसत्या पत्र्यावर ठेवलं तर पहिल्याच ओंडक्याला पत्रा चुरगळला असता. तिने खालून दोन जाड लोखंडी तुळया आडव्या टाकल्या, सांगाड्याला जोडल्या आणि त्यावर पंजाचा खांब उभा करायला बोटभर जाडीची प्लेट बसवली. दोन्ही बाजूंना खाली सोडायचे लोखंडी पाय केले. पंजा बाजूला वळून वजन उचलायला लागला की ट्रेलर त्याच बाजूला कलंडतो. पाय जमिनीला टेकवले की जागचा हलत नाही. काम मनासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पंजा मेजावर घेतला, तेलाचे पाइप आणि सिलिंडर सोडवून ठेवले. कोपराजवळ पाइप धरायला एक पट्टी जोडायची होती, म्हणून तिथला रंग काढायला ग्राइंडर लावला.

ठिणगी उडाली नाही.

ग्राइंडर लोखंडाला लागला की ठिणग्यांचा फवारा उडतो. इथे नुसती गुलाबी भुकटी उडाली, तिच्या हातावर, गळ्यावर, ओठांवर. तिने ग्राइंडर बंद केला आणि नखाने टोकरून पाहिलं. पुट्टी. गाडीच्या चेपलेल्या पत्र्यावर भरतात ती. आतून अजून मऊ होती, नखाला चिकटली आणि तिचा तो गोडूस वास भपकन नाकात शिरला.

तिने स्क्रू-ड्रायव्हर खुपसला. पुट्टीचा ढेकळाएवढा तुकडा निघाला. त्याच्यामागे चिंधी कोंबलेली होती. ती ओढून काढली तशी आतलं साचलेलं पाणी, तपकिरी, तेलकट, तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. किडक्या दातातून यावी तशी घाण येत होती. चिंधी कुणाच्यातरी बनियनची होती, काखेकडची शिवण अजून शाबूत. वेल्डरिणीने चिंधी जमिनीवर टाकली. ती नळाशी गेली, साबण लावून तीनदा हात धुतला, तरी वास जाईना.

परत येऊन तिने सगळी पुट्टी खरवडून काढली. तडा कोपराच्या तीन बाजूंनी फिरला होता. हात फक्त वरच्या बाजूने धरून होता, तोही कसाबसा. ओंडका वर उचलला असता आणि लाकूडवाला खाली कमरेवर हात ठेवून उभा असता, तर काय झालं असतं, ते तिने मनात पुरतं येऊ दिलं नाही.

पुट्टी ताजी होती. आणि पंधरा दिवसांपूर्वी दादा तिच्याकडून रंग मारायची गन मागून घेऊन गेला होता, 'घराचं फाटक रंगवायचंय, बाळ' असं सांगून. परत दिली तेव्हा गनच्या नळीत हिरवा रंग वाळून बसला होता. दादाच्या घराचं फाटक पांढरं होतं. तिने ती गन स्वतःच्या हाताने, थिनरमध्ये बुडवून साफ केली होती.

तिने फोन केला. दादा अर्ध्या तासात आला, तडा पाहिला आणि दात चोखत म्हणाला, "हां, केसाएवढी चीर आहे तिथे."

"केसाएवढी? दादा, यात माझं बोट जातंय."

"मग भर ना. तू वेल्डर आहेस. वरून एक पट्टी मार, रंग मार, कोण बघतंय?"

"आतलं लोखंड कुजलंय. वेल्डिंगचा टाका धरणार नाही."

"वर्षभर धरलं तरी पुष्कळ. जुना माल आहे हे त्यालाही माहीत आहे. मी काय नवा म्हणून विकला?"

"चिंधी कोंबून विकलास."

"पुट्टीला मागून आधार नको का?" तो हसला. खरंच हसला, एखादी युक्ती शिकवावी तसा. त्याच्या हिरड्या दिसल्या.

"माणूस मरेल, दादा."

"काही मरत नाही. तुला लहानपणापासून सगळंच मोठं करून बघायची खोड." त्याने खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि तिच्यापुढे धरला. "घे, आईशी बोल."

आईने काय झालं ते विचारलंच नाही. "सख्खा भाऊ आहे तुझा," ती म्हणाली. "जरा सांभाळून घे. चारचौघांत त्याची मान खाली जाईल असं काही करू नकोस. एवढंसं लोखंड ते."

"आई, त्याने तुला आधीच सांगितलं होतं?"

आई म्हणाली, "येताना फोन केला होता त्याने."

वेल्डरिणीने फोन परत दिला. तो दादाच्या हाताच्या घामाने ओला होता. तिने तळवा पँटला पुसला, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि गॅस कटर पेटवला.

"ए, काय करतेस?" दादा मागे सरला.

ज्योत निळी होईपर्यंत ती थांबली. मग तड्यातूनच ज्योत फिरवली. हिरवा रंग फुगला, बुडबुडे येऊन काळा पडला, उरलेली पुट्टी जळताना असा घाणेरडा धूर निघाला की दादा तोंडावर रुमाल धरून दारापर्यंत गेला. फार कापावं लागलं नाही. कोपरापुढचा भाग धाडकन जमिनीवर पडला.

"आता विकून दाखव," ती म्हणाली. "आणि इथे परत पाऊल टाकू नकोस."

"वेडी आहेस तू," असं म्हणून तो गेला. जाताना त्याने बूट वर्कशॉपच्या फाटकाला घासून साफ केले, जणू घाण तिच्याकडची होती.

संध्याकाळी लाकूडवाला आला. तिने त्याला सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. भावाचं सांगताना तिची मान आपोआप खाली गेली. कापलेली कड दाखवली, चिंधी दाखवली. त्याने वाकायचा प्रयत्न केला, जमलं नाही, म्हणून तिने तुकडा कप्पीने उचलून त्याच्या डोळ्यांसमोर आणला.

त्याने कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"पण ताई, कापायचं कशाला? वस्तू माझी होती. मला विचारायचंत तरी."

"चुकलं," ती म्हणाली. ते तर खरंच होतं. "रागाच्या भरात कापलं. हात मी नवीन करून देते, लोखंड माझं. जबडे आणि सिलिंडर चांगले आहेत."

"ते ठीक आहे हो. पण हा नुसता खरवडून ठेवला असता ना, तर मी परत पुट्टी भरून दुसऱ्या कुणाला दिला असता. नदीपलीकडचा एकजण कधीपासून मागतोय."

वेल्डरिणीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता. त्याचा चेहरा साधा, थकलेला होता, रोजच्यासारखाच.

"त्याच्या अंगावर पडला असता तर?"

"त्याने बघून घ्यायला नको का?" लाकूडवाला म्हणाला. "मी नाही बघितलं, ती माझी चूक. माझी मी भोगलीच असती."

दिवसभर अंगाला चिकटलेल्या त्या गुलाबी भुकटीची तिला आता सवय झाली होती. ही शिसारी मात्र आत उतरली. या माणसासाठी तिने भाऊ तोडला होता. क्षणभर वाटलं, ट्रेलर ओढून रस्त्यावर लावावा आणि दार लावून घ्यावं. पण मग हा कमरेवर हात ठेवून दुसऱ्या कुणाकडे जाईल, आणि तो दुसरा पट्टी मारून देईल.

"चार दिवसांनी या," ती म्हणाली.

चार दिवस तिने मन लावून काम केलं. नव्या जाड चौकोनी पाइपचा हात केला, कोपराला दोन्ही बाजूंनी तिकोनी आधार दिले, प्रत्येक टाका ठोकून पाहिला. रंग मारला नाही. सांधे उघडे ठेवले, कुणालाही दिसावेत म्हणून.

पाचव्या दिवशी लाकूडवाला पंजा चालवायच्या खटक्यापाशी बसला. तिने मोठ्यात मोठा ओंडका मुद्दाम आणून ठेवला होता. जबड्यांनी तो अलगद धरला, हात वर गेला, बाजूला वळला. पाय जमिनीत दाबले गेले, पण ट्रेलर तसूभर हलला नाही. लाकूडवाल्याचे डोळे भरून आले. "पाठ सुटली हो ताई माझी," तो म्हणाला. ते मनापासूनच होतं, आणि म्हणूनच तिला ते ऐकवेना.

"आधी पाय टेकवायचे, मगच उचलायचं," ती म्हणाली. "आणि ओंडका वर असताना खाली कुणी उभं राहायचं नाही. तुम्ही नाही, तो नदीपलीकडचाही नाही."

तो गेल्यावर तिने कोपऱ्यातले जुन्या हाताचे हिरवे तुकडे ओढून बाहेर काढले. कुणी उचलून नेले असते तर परत जोडता आले असते. ती दुपारभर ते कापत बसली, वीतभर-वीतभर, एकाचा दुसऱ्याला मेळ लागू नये असे, आणि भंगाराच्या पिंपात टाकत राहिली.

मधेच आईचा फोन आला. दादाविषयी ती अक्षरही बोलली नाही.

"जेवलीस का?" आईने विचारलं.

"नाही," वेल्डरीण म्हणाली. "अन्न जात नाहीये."