गुदामातल्या दवाखान्याची बोहनी

इमारत लखीचंदशेठची, औषधं आणि नर्स सरकारची, असा करार होता. शेठजींनी कापसाचं गुदाम चुना लावून दवाखान्याला दिलं आणि मी, नर्स प्रमिला, धुळ्याहून एसटीने तिथे दाखल झाले. पण शेठजी हाडाचे दुकानदार. दाराला तोरण बांधून त्यांनी गावाला बजावलं, "बोहनी चांगली व्हायला पाहिजे. पहिलं गिऱ्हाईक रडत आलं, तर पुढे सगळी रडतच येतील!"

झालं! दवाखान्याच्या बोहनीला निरोगी माणूस कुठून आणायचा? अख्खं गाव खोकला दाबून, दुखरे गाल धरून ओट्याखाली बसलं. आत मी एकटी, संतापाने त्याच त्या सुया स्टोव्हवर पुन्हा उकळत होते.

दुपारी धुळ्याचे डॉक्टरसाहेब जीपमधून उतरले. रिकामं गुदाम पाहून म्हणाले, "बाई, संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही, तर तुम्हाला दुसऱ्या गावी पाठवतो."

माझी नजर ओट्याखालच्या गर्दीत बसलेल्या भागाबाईकडे गेली. तिचे दिवस भरत आले होते. मागच्या खेपेला धुळ्याच्या वाटेवर बैलगाडीतच तिचं मूल गेलं होतं. मी तिला बोलावलं, तर ती मागे सरली.

"मना हातनी बोहनी नको, बाई. मना पायगुण वाईट शे."

माझं डोकंच फिरलं. मी तडक शेठजींसमोर गेले. "निरोगी गिऱ्हाईक हवं ना? तुमच्याइतकं धडधाकट गावात कोण आहे? चला, देवीची लस टोचते!"

शेठजी पांढरेफटक पडले. "अहो बाई, मी तर मालक..."

"मालक गुदामाचे. सुई सरकारची!"

"शेठ," ओट्याखाली खोकला दाबून बसलेले म्हातारे झुलालआबा ओरडले, "पहिलं गिऱ्हाईक रडाले नको बरं!"

आपल्याच शब्दात अडकलेल्या शेठजींनी डोळे मिटले आणि रडू येऊ नये म्हणून चक्क हसायला लागले. मी टोचलं, तसे आणखी जोरात हसले. पगडी सुटली, गाव लोटपोट झालं, साहेबांनी पोट धरून जीपचा आधार घेतला.

"बोहनी व्हई गई!" एकच गलका झाला आणि बठ्ठा म्हणजे अख्खा गाव ओट्यावर चढला. मना दात, मना कान, मना गुडघा!

मी दोन्ही हात आडवे करून सगळ्यांना दारातच थोपवलं. गर्दीच्या मागे भागाबाई पदराने हसू पुसत उभी होती.

"आते मी येऊ का, बाई?"

"ये गं बाई, ये," मी म्हटलं आणि मलाच रडू फुटलं.