मैनाच्या अंगात काय आलं होतं

लिंबू कापलं आणि सुरीवरून लालभडक रस ओघळला, तशी इंद्रलोक वसाहतीतल्या एका सोसायटीच्या आवारात जमलेली तीस-चाळीस माणसं एक पाऊल मागे सरली. दोघी-तिघींनी हात जोडले.

"रक्त आहे हे," पंढरीनाथ बुवा म्हणाले. "कुत्री म्हणजे भैरवाचं वाहन. त्यावर भलतंच कोणी स्वार झालंय. घाबरू नका. धूप वाढवा."

मधोमध पोत्यावर मैना आडवी पडली होती. सहादेवची तांबडी गावठी कुत्री, तीन आठवड्यांपूर्वीच व्यालेली. चारही पाय काठीसारखे ताठ, अंगभर थरथर, तोंडातून लाळ. सहादेव तिचे मागचे पाय धरून बसला होता.

सकाळपासूनच तिचं काहीतरी बिनसलं होतं. एका जागी बसेना, पिल्लांना जवळ येऊ देईना, चालताना झोकांड्या खाई. दुपारी ती कोसळली. कोणीतरी म्हणालं, पिसाळली. वॉचमन काठी घेऊन आला. तेव्हा शेजारचा नाथा पुढे झाला. "माझ्या शेरूला असंच झालं होतं, सहादेवभाऊ. बुवांनी अंगारा लावला, दोन मिनिटांत उठून बसला. ते समोरच्या विंगमध्ये वास्तुशांतीला आलेत. बोलावू का?"

सहादेवने होकारार्थी मान हलवली.

बुवांकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर होतं. थरथर वाढली, की "निघतंय." थोडी थांबली, की "निघालं." पुन्हा सुरू झाली, की "घरच्यांची श्रद्धा कमी पडतेय." पाऊण तास हेच चाललं. धुराने माणसांचे डोळे चुरचुरत होते, मैना तर जीभ बाहेर टाकून धापा टाकत होती.

तेवढ्यात सहादेवची मुलगी संघप्रिया कॉलेजातून आली. गर्दीतून वाट काढत ती वडिलांपुढे उभी राहिली.

"पप्पा, हे काय करताय तुम्ही?"

"पाच मिनिटं थांब."

"पोरी, आत्ता हिला हलवलंस तर ते तुझ्या घरात शिरेल," बुवा म्हणाले.

संघप्रियाने तोवर फोन लावून मैनाची अवस्था आणि धुराचं सांगितलं होतं. बेव्हर्ली पार्कमधल्या प्राण्यांच्या डॉक्टर मिनल यांचा आवाज स्पीकरवर आला. "पिल्लं किती दिवसांची?"

"एकवीस."

"अंगावर पितायत?"

"हो, सहाही."

"मग तिच्या रक्तातलं कॅल्शियम उतरलं असणार. लगेच निघा. तोंडात काही घालू नका, धुरापासून लांब न्या. पिल्लं घरीच ठेवा."

सहादेवने मैनाला उचललं. तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं. "रस्त्यातच जाईल," मागून बुवा म्हणाले. तो न थांबता रिक्षात बसला.

दवाखान्यात ताप एकशे सहाच्या वर निघाला. डॉक्टरांनी पायाच्या शिरेत सुई लावली आणि हृदयाचे ठोके ऐकत, थेंब थेंब औषध सोडायला सुरुवात केली. मदतनीस बाई ओल्या फडक्याने अंग पुसत होत्या, पंखा सुरू होता. हळूहळू थरथर ओसरली. वीस मिनिटांनी ताठलेले पाय सैल पडले. मग मैनाने डोकं उचलून इकडेतिकडे पाहिलं.

"हे तुमच्या आवारात केलं असतं, तर लोकांनी मलाच हार घातला असता," डॉक्टर म्हणाल्या. "खायला काय देत होतात?"

"आम्ही खातो तेच. दूध, चपाती."

"सहा पिल्लं तिच्या अंगातलं कॅल्शियम दुधावाटे ओढून घेत होती. तेवढं तिला खाण्यातून मिळालं नाही. मग स्नायू आखडतात, झटके येतात, ताप चढतो. धुरात किती वेळ होती?"

"पाऊण तास," सहादेव खाली बघत म्हणाला.

"अजून तेवढाच वेळ गेला असता, तर माझ्या हातात काही उरलं नसतं."

"पण नाथाचा कुत्रा तर अंगाऱ्याने उठला होता."

"त्याला फिट आली असेल. बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत आपोआप थांबते. अंगारा लावा नाहीतर लावू नका. पाच मिनिटांच्या वर गेली, तर मात्र तीही जीव घेते."

बाहेर बाकावर बसल्यावर संघप्रियाने विचारलं, "तिथे पडलेलं ते लिंबू लाल कसं झालं होतं?"

"सुरीला जास्वंदीच्या पाकळ्या चोळून वाळवतात. लिंबाचा आंबट रस लागला की लाल होतं. बुद्धविहारात अंधश्रद्धेविरुद्धच्या वर्गात पोरांना मी हे कितीदा करून दाखवलंय."

"म्हणजे तुम्हाला तिथेच कळलं होतं?"

"हो."

ती उठून आत मैनाजवळ गेली. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

मैना दोन दिवसांनी घरी आली. पिल्लांना आता बाटलीने दूध पाजायचं होतं. आणि तोवर सोसायटीभर झालं होतं, की बुवांच्या अंगाऱ्यानेच कुत्री वाचली. जिन्यात भेटेल तो सहादेवला तेच सांगे, आणि तो मान खाली घालून वर जाई. चार दिवस त्याने हे सहन केलं. रविवारी त्याने सगळ्यांना आवारात बोलावलं, जास्वंद चोळलेल्या सुरीने लिंबू कापलं, लाल थेंब दाखवले, दवाखान्यात काय घडलं ते सांगितलं आणि चूक आपली होती हे कबूल केलं.

नाथा ओशाळला. "बुवा लबाड निघाला. पण त्यात तुमची काय चूक, भाऊ?"

"तुम्हाला ही युक्ती माहीत नव्हती, नाथाभाऊ. मला माहीत होती. फक्त मैनाला काय झालंय ते कळत नव्हतं. वाटलं, लिंबू खोटं असेल, बाकीचं खरं असलं तर? आणि एवढ्या माणसांत, मला कळत नाही, डॉक्टरला विचारू या, असं म्हणायची मला लाज वाटली."

सहादेव सुरी खाली ठेवून सगळ्यांकडे वळला.

"डॉक्टरांनी सांगितलंय, पोट ढोलासारखं फुगलं आणि नुसत्याच कोरड्या ओकाऱ्या आल्या, हिरड्या पांढऱ्या पडल्या, उन्हाने धाप लागून जनावर कोसळलं, फिट थांबेना, किंवा बाळंतीण कुत्री अशी थरथरायला लागली, तर एक मिनिटही थांबू नका. डॉक्टरचा नंबर आत्ताच मोबाईलमध्ये घ्या. तुमच्या शंकेचा ज्याला राग येतो, त्याच्या हाती कोणाचाच जीव देऊ नका. आणि कळत नसेल तर कळत नाही म्हणा. त्यात लाज नाही. माझ्यासारखं गप्प बसण्यात आहे."