माझी नसलेली थाप

मित्रांनो, मी एक महागडा टीव्ही आहे. जुना म्हणावा इतका जुना नाही, पण शरमेनं मान खाली घालावी इतकं माझं जगून झालंय. मला भिंतीवर ठोकलंय, म्हणून मान खाली घालता येत नाही, एवढंच.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. आठवतं ते लोणावळ्याचं दुकान. चिक्कीच्या पिशव्या हातात घेऊन पर्यटक आत यायचे आणि माझ्यापुढे थबकायचे. मी ओएलईडी जातीचा. माझ्या पोटात लाखो बारीक दिवे आहेत. जिथं काळा रंग दाखवायचा असतो, तिथले दिवे मी चक्क विझवतो, म्हणून माझा काळा हा खरा काळा. शेजारचे स्वस्त टीव्ही रात्र दाखवायचे तेव्हा ती राखाडी दिसायची. मला त्यांची कीव यायची. माझा आवाजही पडद्यातूनच निघतो, त्यामुळे गाडी पडद्यात आहे की दुकानाबाहेर, हे कळत नसे. लोक दचकायचे आणि मी फुगायचो. आपण खंडाळ्याच्या एखाद्या बंगल्यात जाणार, अशी माझी खात्री होती.

मला घेतलं संदेशनं. तो तळेगावच्या एका कंपनीत कामाला आहे आणि बेगडेवाडी स्टेशनापासून थोडं आत, वाडीत राहतो. घरात त्याचे वडील हौशीराम आबा, आई नंदाबाई आणि त्याची शाळेत जाणारी मुलगी अपेक्षा. माणसं साधी, घर स्वच्छ. पण मला भिंतीवर लावलं आणि माझं तोंड उतरलं. दार समोरच होतं आणि ते सताड उघडं. दुपारचं ऊन थेट माझ्या अंगावर. चित्र कसलं दिसतंय! माझ्या काचेत रस्ता, पलीकडचं बयाबाईंचं घर आणि त्यांचा ओटा मात्र लख्ख दिसायचा.

संदेशनं दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, दार-खिडक्या लावा, पडदे ओढा, मग बघा."

"दिवसाढवळ्या दार लावायचं?" नंदाबाई म्हणाल्या. "कुनी मेलं का घरात? का भांडान झालंय?"

त्यांच्या वाडीत दिवसा दार लावत नाहीत. शेतावर जातानासुद्धा नुसतं लोटून घेतात. पण रविवार होता, पोराची हौस होती. दार लागलं, कडी बसली, पडदे ओढले गेले. मला मनातून फार बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

संदेशनं एक सिनेमा लावला. जंगलातल्या घरात एकटा राहणारा म्हातारा, अंधारी रात्र, हातात कंदील. मी माझा सगळा काळा रंग पणाला लावला. आबासुद्धा चष्मा पुसून पुढे सरकले. तेवढ्यात दारावर थाप पडली.

म्हाताऱ्यानं तेव्हाच दाराकडे पाहिलं, म्हणून सगळ्यांना वाटलं, ती थाप सिनेमातली. संदेश मांडीवर हात मारत ओरडला, "ऐकलंत का आवाज! जणू आपलंच दार वाजतंय!" पुन्हा थाप पडली आणि सगळं घर खळखळून हसलं. नंदाबाईही हसल्या.

मित्रांनो, ती थाप माझी नव्हती. माझ्या पोटात त्या वेळी फक्त वारा वाजत होता, हे मला ठाऊक होतं. मी चित्र घालवू शकत नाही, ओरडू शकत नाही, हे खरं आहे. पण मी लाजलोसुद्धा नाही. दुसऱ्याच्या आवाजाचं कौतुक मी आपलं म्हणून गोड करून घेतलं. थाप दारावर पडली होती, आणि थाप मारली मी.

पुढच्या आठवड्यात समोर मांडव पडला. बयाबाईंची नात चैताली, तिचं लग्न. ही चैताली नंदाबाईंच्या मांडीवर वाढलेली. तिची आई खंडाळ्याच्या हॉटेलात कामाला जायची, तेव्हा दिवसभर पोरगी इकडेच असायची. वरणभात इथला, वेणीफणी इथली. तिला पहिली हळद नंदामावशीच लावणार, हे ती लहानपणापासून सांगत आली होती.

पण नंदाबाईंना आवतणच आलं नाही. छापील पत्रिका वाडीत कुणीही वाटून जातं. आवतणाचं तसं नसतं. घरच्या बाईनं दारात येऊन, कपाळाला कुंकू लावून, तोंडानं म्हणायचं असतं, या. ते सगळ्या घरांना गेलं, या घराला नाही. बयाबाई समोरून जायच्या त्या मान फिरवून.

"अगं, जा की तूच," आबा म्हणाले. "पोरीचं लगीन हाय."

"आवतानाबिगर?" नंदाबाईंचा आवाज चिरकला. "चौदा घरं घेतली आन् माजंच गाळलं. मी काय केलंय तिचं? सांगा की, काय केलंय?"

हळद दळायला बायका जमल्या, त्यांची गाणी इकडे ऐकू येऊ लागली. संदेशला आईचा चेहरा बघवेना, म्हणून त्यानं माझा आवाज वाढवला. त्या गाण्यांवर मी बातम्या ओतत होतो. माझ्यासारख्या दिमाखदार टीव्हीला असलं काम करावं लागलं, आणि ते मी चोख केलं. आज आठवलं की लाखो दिवे एकदम विझवून टाकावेसे वाटतात.

हळदीच्या दिवशी दुपारी संदेशचा कंपनीतला मित्र धम्मदीप आला. त्यालाही असाच टीव्ही घ्यायचा होता, आधी पारखून बघायचा होता. पुन्हा दार लागलं, पडदे ओढले गेले. त्यानं मला बाजूनं बघितलं, जवळून बघितलं, काळ्या रंगाला मान डोलावली. संदेश खुलला. "आता आवाज बघ. तोच सिनेमा लावतो. म्हातारा कंदील उचलतो ना, तेव्हा दार वाजतं. तू दचकलाच पाहिजेस."

म्हाताऱ्यानं कंदील उचलला. दाराकडे पाहिलं. वारा वाजला आणि दुसरं दृश्य आलं.

"कुठंय थाप?" धम्मदीपनं विचारलं.

संदेशनं सिनेमा मागे नेला. पुन्हा वारा. "अपेक्षा, त्या दिवशी वाजलं होतं ना गं?"

"व्हय पप्पा. दोनदा."

स्वयंपाकघराच्या दारात नंदाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. सूप खाली ठेवून त्या उठल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "संदेश, आजून एकदा लाव."

त्यानं लावलं. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मला कुठं तोंड लपवावं ते कळेना. वारा वाजून गेला.

"अरं देवा," त्या म्हणाल्या. "ती आपल्या दाराशी आलती रं."

त्यांनी कडी काढली, दार उघडलं आणि तशाच अनवाणी रस्त्यावर गेल्या. ऊन आत आलं. माझा म्हातारा, त्याचं जंगल, माझा खरा काळा, सगळं पुसलं गेलं. काचेत फक्त समोरचा ओटा उरला. पाटावर चैताली बसली होती. वाटीत हळद कालवलेली होती, पण तिच्या अंगाला अजून कुणाचं बोट लागलेलं नव्हतं. बयाबाई तिला समजावत होत्या, ती मान हलवत होती.

नंदाबाई रस्त्याच्या मधोमध थांबल्या. आवतणाशिवाय पुढे पाऊल टाकवेना. तिथूनच म्हणाल्या, "बयाबाई, तू आलतीस का माज्याकडं?"

"आलते की. कुकू घेऊन आलते. दार लावल्यालं. थाप मारली, तर आत सगळी हसाया लागली." बयाबाईंनी मान फिरवली. "परत मारली, तर लयच हसला तुमी. मंग गेले निघून."

हळदीला जमलेल्या बायका वळून बघू लागल्या. नंदाबाईंना आता भर वाडीत खरं सांगायचं होतं. त्यांनी सांगितलं.

"टीव्ही बघत व्हतो गं. आमाला वाटलं, टीव्हीतच दार वाजतंय. त्याला हसलो. तुला न्हाई."

कुणी तोंडाला पदर लावला, कुणी खाली बघितलं. एवढी लाज त्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा पत्करली असेल, आणि ती होती माझी. मग बयाबाई कुंकवाचा करंडा घेऊन ओट्यावरून उतरल्या, रस्त्यातच नंदाबाईंच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "हे तुजं आवतान. चल आता. पोरगी सकाळपास्नं अडून बसलीय."

पहिली हळद लागली तेव्हा चैताली रडली आणि दोन्ही म्हाताऱ्या तिला रागावल्या. मी काचेत बघत होतो. मी दाखवत काहीच नव्हतो.

धम्मदीप रिमोट हातात धरून दारात उभा होता. "मग, घेऊ का हा टीव्ही?"

"घे," संदेश म्हणाला. "चित्राला तोड नाही. पण दुकानदार दार लावा म्हणेल. ते ऐकू नको."

मित्रांनो, माझी काच ओल्या फडक्यानं पुसू नका, एकच चित्र तासन् तास ठेवू नका, एवढं पुस्तिकेत लिहिलेलं असतंच. माझं मागणं निराळं आहे. दिवसा मला लावलंत तर दार उघडं ठेवा. मी फिका दिसेन, लोक नावं ठेवतील, ठेवू देत. आणि आवाज कितीही माझा वाटला, तरी एकदा उठून दारात बघून या.